पेरूवर बसलेली तलंग

तिन्हीसांजेला कोंबड्यांना खुराड्याची वाट दाखवावी लागत नाही. उजेड उतरायला लागला की त्या एकेक करून दाराशी जमतात, मान पुढे-मागे करत आत डोकावतात आणि शिरतात. म्हणूनच कोकणातल्या एका खळ्यात, वैशाखाच्या उकाड्यात, एक तलंग, म्हणजे नुकती वयात येणारी कोंबडी, आत जायचं नाकारून पेरूच्या फांदीवर जाऊन बसायला लागली तेव्हा ते सगळ्यांच्याच डोळ्यांत आलं. पहिल्या दिवशी घरातल्या मुलाने तिला काठीने उतरवली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पडवीतून आजी म्हणाली, "झाडाची सवय लागली की जाणार नाही ती. काढ तिला, मुंगूस नेईल रात्री." पोराने पाय धरून खाली आणली, दोन्ही हातांनी आत ढकलली आणि दाराला कडी घातली. आत बराच वेळ फडफड चालू होती. यात कुणाचीच चूक म्हणता येत नाही. मुंगूस खरंच नेतं. पण त्या कडीचा आवाज मनातून जात नाही. कारण तिला आत कोंडणारे तिच्या जिवासाठीच कोंडत होते, आणि ती ज्यापासून पळत होती ते कडीच्या आतच होतं.

आठवड्याभराने तिचा तुरा पाहिला तर लालभडक असायला हवा तो फिकट गुलाबी, कडेला पिवळट. तोवर बाकीच्यांची अंडीही निम्म्यावर आली होती, आणि जी येत होती त्यांच्या कवचावर टाचणीने टोचल्यासारखे लाल-तपकिरी ठिपके होते. घरात त्याचा अर्थ "उन्हाने अंगात उष्णता झाली" असा लागला आणि पाण्यात गूळ पडायला लागला.

ठिपके रक्ताचेच होते, पण ते अंड्यातून आलेले नव्हते. ती अंड्याखाली चिरडलेली माइट होती.

गावात हिला सरसकट ऊ किंवा पिसू म्हणतात. ती ऊही नाही आणि पिसूही नाही. आठ पायांची, कोळी-गोचिडांच्या जातकुळीतली, जेमतेम एक मिलिमीटरची, उपाशी असली की राखाडी आणि रक्त प्यायली की तांबडी. शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. तिचं वैशिष्ट्य एकच आणि सगळा उपाय त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे: ती कोंबडीच्या अंगावर राहत नाही. दिवसभर ती कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या टोकाशी, फळ्यांच्या सांध्यात, कळकाच्या चिरेत, खिळ्याच्या डोक्याखाली गर्दी करून बसते. अंधार पडला की निघते, चालत चालत दांडीवर येते, झोपलेल्या कोंबडीच्या पायावरून चढते, अर्धा-एक तास रक्त पिते आणि उजाडायच्या आत परत फटीत. त्यामुळे दिवसा कोंबडी हातात घेऊन पिसं कितीही विंचरा, काही सापडत नाही आणि माणूस समाधानाने म्हणतो की अंगावर काही नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा सात ते दहा दिवसांत पुरा होतो. आणि खुराडं रिकामं ठेवून उपाशी मारू म्हणाल तर तेही नाही. पूर्ण वाढलेली माइट रक्ताशिवाय आठ-नऊ महिने काढू शकते. गेल्या वर्षीच्या कोंबड्या विकल्या, दिवाळीनंतर नवी पिल्लं आणली आणि तीही सुकायला लागली, अशी जी गोष्ट गावोगाव ऐकू येते तिचं उत्तर बहुतेक वेळा दांडीच्या खोबणीत असतं.

खात्री करायची तर रात्रीच करायची. साडेनऊ-दहाला, बॅटरी घेऊन, पांढरं सुती फडकं हाताच्या तीन बोटांना गुंडाळायचं आणि दांडीच्या खालच्या बाजूने, विशेषतः ती भिंतीत शिरते तिथे, दाबून फिरवायचं. फडक्यावर लाल रेघा उमटल्या की दुसरी कसली तपासणी नको. रात्री जमणार नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याचा नळीदार तुकडा, वीतभर लांबीचा, दांडीच्या खाली दोऱ्याने बांधून ठेवायचा. दोन-तीन दिवसांनी सोडून पांढऱ्या कागदावर झटकला की आयत्या घरात राहायला आलेल्या सगळ्या बाहेर पडतात. तो पुठ्ठा लगेच चुलीत घालावा. दिवसा दिसणारी एकच खूण आहे, ती म्हणजे सांध्याभोवती मीठ-मिरपूड सांडल्यासारखा करडा भुसा. टाकलेल्या काती, अंड्यांची टरफलं, विष्ठा, सगळं त्यात असतं. बोटाने चिरडला आणि बोट लाल झालं की समजावं.

एक फरक मात्र आधीच करून घ्यायला हवा. दिवसा कोंबडी उलटी धरली, शेपटीखालची पिसं बाजूला केली आणि तिथे काळपट-चिकट मळ आणि पळणारे बारीक ठिपके दिसले, तर ती दुसऱ्या जातीची माइट, जी जन्मभर अंगावरच राहते. किंवा मग खऱ्या उवा, पिवळट, चपट्या, भराभर पळणाऱ्या, पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पांढरे गुच्छ चिकटवणाऱ्या. त्यांच्यासाठी माइट-उवा मारायची भुकटी कोंबडीच्या अंगावर हवी. तांबड्या माइटसाठी ती खुराड्याला हवी. हा एक फरक न केल्यामुळे जेवढी भुकटी वाया जाते तेवढी पावसाने भिजूनही जात नसेल.

भुकटी काय करते, हे कळलं की ती कुठे टाकायची ते आपोआप कळतं. माइटच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. एवढ्याशा जिवात पाणी ते किती. ते उडून जाऊ नये म्हणून हे मेण. डायटोमेशियस अर्थ म्हणून जी पांढरी, पिठासारखी भुकटी मिळते ती डायटम नावाच्या सूक्ष्म पाणशेवाळांच्या सिलिकाच्या कवचांची. लाखो वर्षांपूर्वीच्या तळ्या-समुद्रांच्या तळाशी साचलेली. कण इतका सच्छिद्र की टिपकागदासारखं शोषून घेतो. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली नायट्रोग्लिसरीन याच मातीत जिरवून डायनामाइट केला होता. माइट त्या भुकटीवरून चालली की कण अंगाला चिकटतात, मेण शोषतात, थोडं खरवडतातही, आणि मग ती सुकते. विष काही नाही. म्हणून तिची सवय होऊन औषध लागेनासं होण्याची भीती फारशी नाही, अंड्यात उतरण्याचाही प्रश्न नाही. पण म्हणूनच ती फवाऱ्यासारखी तासाभरात मारत नाही. दोन-चार दिवस जातात. संध्याकाळी भुकटी मारून सकाळी जिवंत माइट दिसली की लोक डबा फेकतात आणि गाईच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध खुराड्यात फवारतात. अंडं देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत ते करू नये, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये असंच काहीसं झालं होतं. वनस्पतींच्या अर्काचं म्हणून विकलेल्या माइटच्या औषधात फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक मिसळलेलं निघालं, ते अंड्यांत उतरलं आणि कोट्यवधी अंडी नष्ट करावी लागली. तिथे निदान तपासणारे होते. आपल्या परसातलं अंडं कोण तपासतं? ते सरळ घरातल्या पोराच्या ताटात जातं.

राखेचं काम याच जातीचं आहे. वाल, चवळी, मूग राखेत घोळून मडक्यात भरणाऱ्या बायकांना मेणाच्या थराबद्दल कुणी सांगितलं नव्हतं, पण सोंडा लागत नाही एवढं पक्कं ठाऊक होतं. भाताच्या तुसाची राख तर बहुतेक सिलिकाच. तिचीच राखुंडी करून दात घासले जायचे. जुन्या खुराड्यांच्या कोपऱ्यात जो राखेचा ढीग असायचा, तो कोंबड्यांच्या अंघोळीचा. चुली गेल्या, गॅस आला, खळ्यांना पेव्हर ब्लॉक बसले, आणि कोंबडीची न्हाणी कधी गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. सिमेंटवर पंख पसरून, माती नसताना मातीत लोळल्यासारखं करणारी कोंबडी पाहिली की जीव तुटतो. ती ते हौसेने करत नाही. पिसांच्या मुळाशी धूळ पोचवून मग जोराने अंग झटकणं ही तिची रोजची स्वच्छता आहे.

तर खुराडं. कोरड्या उन्हाचा दिवस निवडायचा आणि सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या की लगेच सुरू करायचं. खाली अंथरलेलं लिटर (भुसा), पेंढा, अंड्याच्या खोक्यातलं गवत, सगळं काढून एका पोत्यात भरायचं आणि जाळायचं. खळ्यात पसरून ठेवलं तर संध्याकाळी सगळी पलटण परत. दांड्या खोबणीतून उपसायच्या. फळ्यांच्या फटी पत्र्याच्या तुकड्याने खरवडायच्या. मग उकळतं पाणी, त्यात थोडा धुण्याचा सोडा किंवा भांड्याचा साबण, आणि ते तांब्यातांब्याने सावकाश प्रत्येक सांध्यात ओतायचं. ही पायरी गाळून थेट भुकटी मारणारे निराश होतात, कारण भुकटी अंड्यांना काही करत नाही आणि मळाच्या थराखाली बसलेल्यांपर्यंत पोचत नाही. गरम पाणी दोन्हींना मारतं. जांभ्याच्या किंवा दगडी भिंतीला ब्लो-लॅम्प (जोरदार ज्योत सोडणारा दिवा) फिरवता येतो, कळकाच्या खुराड्याला तो दाखवूही नये. यानंतर वाळवणं. एक दिवस, शक्यतो दोन. लाकूड हाताला कोरडं लागतं तेव्हा आतून ओलं असतं, आणि ओल्या लाकडावर पडलेली भुकटी म्हणजे नुसता चिखल. कोंबड्यांना ती एक-दोन रात्री डालग्याखाली पडवीत ठेवावं.

दरम्यान दांडीचं बघून घ्यावं. कळकाची दांडी स्वस्त, पायाला चांगली, पण तिची दोन्ही टोकं म्हणजे आयत्या गुहा, आणि उभी चीर गेली की लांबच लांब चाळ. टोकं मेणाने किंवा सिमेंटने बंद करावीत, चिरलेली दांडी जाळावी. त्याहून चांगलं म्हणजे दांडी भिंतीत घालूच नये. दोन पायांच्या घोडीवर, भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवावी. फडताळाला मुंग्या लागू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात ना, तसंच. घोडीचे पाय जुन्या गोड्या तेलाच्या वाट्यांत. मग भिंतीतल्या माइटला कोंबडीपर्यंत जायला रस्ताच उरत नाही. घोडीच्या स्वतःच्या सांध्यांत आधीपासून कुणी नसलं पाहिजे, एवढं मात्र बघावं.

आता भुकटी. टोमॅटो सॉसची मऊ प्लास्टिकची रिकामी बाटली, टोकाला बारीक भोक असलेली, धुऊन कडकडीत वाळवून घ्यायची. अर्धीच भरायची, म्हणजे दाबल्यावर हवा आणि भुकटी मिळून धुरासारखी बाहेर येते; काठोकाठ भरली की गोळे पडतात. नाका-तोंडावर मास्क, साधा रुमाल पुरत नाही, डोळ्यांना चष्मा. दाराकडे पाठ करून आतून बाहेर येत जायचं. बाटलीचं टोक फटीला टेकवून एक दाब, पुढची फट, एक दाब. दांडीच्या खोबणी, बिजागऱ्या, पत्र्याखालचे वासे, अंड्याच्या खोक्याचा तळ आणि मागची बाजू. थर किती, तर काळ्या फळ्यावर खडू पुसल्यावर उरतो तेवढा. ढीग दिसला की माइट त्याला वळसा घालून जाते. चार बाय सहा फुटांच्या खुराड्याला पाव ते अर्धा किलो पुरेशी होते. तासभर धूळ बसू द्यायची, मगच कोंबड्या आत. त्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा नाजूक आणि हवेच्या पिशव्या अंगभर पसरलेल्या. सातव्या दिवशी पुन्हा, चौदाव्या दिवशी पुन्हा. पहिल्या वेळी जी अंडी होती ती तोवर फुटून चालायला लागलेली असतात, आणि ती स्वतः अंडी घालायच्या आत गाठायची आहेत. तीनातली एक खेप चुकली तर महिन्याभरात मूळपदावर.

विकत घेताना पिशवीवर फूडग्रेड किंवा पशुखाद्य दर्जाची, न भाजलेली, असं लिहिलेलं बघावं. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी मिळते ती भट्टीत भाजलेली असते, तिच्यातली सिलिका स्फटिकरूप झालेली असते. ती छातीला घातक आणि माइटला कुचकामी. आणखी एक, खाद्यात मिसळून ही भुकटी दिली की माइट जातात असं जे पसरलं आहे त्यात तथ्य नाही. पोटात गेलेली भुकटी भिजते, आणि माइट पोटात नाही, फळीत आहे.

न्हाणीसाठी दोन बाय दोन फुटांचं खोकं, वीतभर खोल, छपराखाली. त्यात तीन घमेली चाळलेली कोरडी माती किंवा बारीक वाळू आणि एक घमेलं चाळलेली लाकडाची राख. डायटमची भुकटी असेल तर वर चार-पाच ओंजळी. आठ-दहा कोंबड्यांना एवढं पुरतं. राख पूर्ण थंड हवी, निखारा तीत दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. प्लायवुड, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक जाळलेली राख चालत नाही. भिजलेली राख तर लगेच काढावी, तिचा क्षार होतो आणि पायांची कातडी सोलवटते. चुन्याच्या बाबतीतही तेच: भिंतीला विरवलेल्या चुन्याचा हात, त्यात डिंक घालून, दाट, फटी बुजतील असा, हा उत्तम उपाय आहे, पण न्हाणीत चुना कधी घालू नये.

अंगावर राहणाऱ्या माइटला मात्र ही न्हाणी फार लागू पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोकळ्या कोंबड्यांना वाळूत डायटमची भुकटी, केओलिन (पांढरी चिकणमाती) किंवा गंधक मिसळून खोकी दिली होती. ज्या कोंबड्या लोळल्या त्यांच्या अंगावरचे परजीवी आठवड्याभरात ८० ते १०० टक्के कमी झाले. गंधक सगळ्यांत प्रभावी, इतकं की न लोळणाऱ्यांनाही त्याचा फायदा झाला. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांच्या घरी वेलीवरच्या भुरी रोगासाठीचं गंधक असतंच, त्यामुळे मोह होतो. पण बागेच्या पोत्यातलं गंधक आणताना ती धुरळणीची भुकटी आहे की पाण्यात मिसळायची, तिच्यात आणखी काय आहे, हे बघून आणि पशुवैद्याला विचारूनच. डोळ्यांना ते झोंबतं आणि पेट घेतं. ज्या खुराड्यात गंधक आहे तिथे ब्लो-लॅम्प नाही. हाताने भुकटी लावायची वेळ आली तर कोंबडी काखेत धरून शेपटीखाली, पंखांखाली, मांड्यांच्या आत मिळून दीड-दोन चमचे, पिसांच्या उलट दिशेने बोटं घालत. तोंडाजवळ नाही.

मृग लागला की सगळं गणित बदलतं. कोकणात आषाढात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या वर जाते, भुकटी हवेतलंच पाणी पिऊन बसते, मेण शोषायला तिच्यात जागा उरत नाही. पावसाळ्यात भुकटीवर भरवसा ठेवून बसणं म्हणजे ओल्या काडेपेटीवर. तेव्हा गरम पाणी, तेलाच्या वाट्या, पुठ्ठ्याचे सापळे आणि दर चार दिवसांनी कोरडा पेंढा. म्हणून भुकटीची तिसरी खेप मृगाच्या आत संपली पाहिजे, आणि दसऱ्याच्या उन्हात पुन्हा एक.

त्या खळ्यातल्या खुराड्याची पहिली दांडी उपसली तेव्हा खोबणीत बोटाच्या पेराएवढा करडा लगदा होता, आणि उजेड पडताच तो हलायला लागला. आजीने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. आत जाऊन पाणी तापवायला ठेवलं. पुढे फटींत पाणी ओतायचं काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही, कंबर धरून, एकेक सांधा. त्या रात्री आणि पुढचे बारा-तेरा दिवस तलंगीला पेरूवरून कुणी उतरवलं नाही. बुंध्याला पत्र्याचा पट्टा गुंडाळला, मुंगूस चढू नये म्हणून. बाकीच्या कोंबड्या चौथ्या दिवसापासून निमूट आत जायला लागल्या. ती दारापर्यंत यायची, मान लांब करून आत बघायची, पुन्हा फांदीवर.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री ती दांडीच्या अगदी टोकाला, भिंतीपासून सगळ्यात लांब बसलेली सापडली. बॅटरीच्या उजेडात एक डोळा उघडून तिने पाहिलं आणि मिटला. फडकं दांडीखालून फिरवलं. पुसट, पण दोन ठिपके होते. पोराने ते आजीला दाखवलं, आणि तिने फळीवरची बाटली अंधारातच चाचपून खाली काढली, सकाळी हाताशी असावी म्हणून.